जांभळीपासून फुटक्या धोंड्यापर्यंत

पहिल्या सत्राचे पेपर तपासून होत आले की आमच्या स्टाफरूमच्या खिडकीतून सुकत चाललेल्या गवताचा वास यायला लागतो. महाडभोवतीचे डोंगर याच दिवसांत रंग बदलतात. लोक त्याला सोनेरी वगैरे म्हणतात. मला ते शाळेच्या जुन्या, मेणकापड फाटलेल्या नकाशासारखे पिवळट दिसतात. मी भूगोल शिकवते. परतीच्या मोसमी वाऱ्यांवरच्या प्रश्नाचं उत्तर मुलं दरवर्षी निम्मं लिहून सोडून देतात आणि मी दरवर्षी चिडून लाल रेघ मारते. पण खरं सांगायचं तर या दिवसांत मलाही धड काही सुचत नाही. आपण कुठेतरी जायला तयार होऊन बसलोय आणि दाराला बाहेरून कडी आहे, असं काहीतरी छातीत होत राहतं. दिवाळी आली की ते जातं.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही समुद्राकडे चालत निघालो होतो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या शाळेतली खेळाची शिक्षिका अलका. अलका माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि तिला स्वस्थ बसण्याचा आजार नाही. तिने एका मधल्या सुट्टीत मोबाइलवर परदेशातली एक वाट दाखवली. कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानात समुद्राच्या कडेकडेने पाच दिवस चालायचं. दलदल असेल तिथे लाकडी फळ्या. वळणावर पाऊलखुणेचं चिन्ह असलेला खांब. भरती कधी, ओहोटी कधी, ते सांगणारा फलक. मुक्कामाच्या जागी कठड्यावर रांगेत वाळत घातलेले मोजे. मला त्या मोज्यांचाच जास्त हेवा वाटला. आपले मोजे असे वाऱ्यावर टाकून, कोणाचा स्वयंपाक बाकी नाही, कोणाचं औषध आणायचं नाही, अशी पाय पसरून मी शेवटची कधी बसले होते, ते आठवेना.

"मॅडम, आपल्याकडे असं का नाही?" अलका म्हणाली.

"आहे की," मी उगाच ऐटीत म्हणाले. "सावित्री आहे. डोंगरातून निघायचं, पोलादपूर, महाड, दासगाव करत खाडी धरायची ती थेट समुद्रापर्यंत. चार दिवस."

बोलून बसले आणि अडकले. अलकाने त्याच दिवशी बूट मागवले.

त्या वाटेवरच्या फळ्या कोण बदलतं, गवत कोण कापतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. भूगोलाच्या बाईला पडायला हवा होता.

सुरुवात मी आमच्या माचीवरून करायची ठरवली. माची म्हणजे कुडपणच्या पलीकडच्या डोंगरावरची आमची वाडी. तिथे आमचं बंद घर आहे, आणि शेजारी माझ्या चुलतकाकांचं. काका केव्हाच गेले, मूलबाळ नाही, काकी एकटी दोन शेळ्या सांभाळून राहते. माझे वडील महाडला तहसील कचेरीत कारकून होते. आम्ही भावंडं खाली वाढलो, शिकलो, माची सुटली. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत मी एकदाही वर गेले नव्हते. त्याआधीचं विचारू नका.

दिवाळीची सुट्टी लागल्या लागल्या आम्ही निघालो. कुडपणपर्यंत जीपने, पुढे सड्यावरून चार तास पायी. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं उघडं खडकाळ पठार. नुसता वारा, आणि पायाखाली गवताची सळसळ. वाटेत एका जागी कातळाला पोट लावून आडवं सरकायला लागतं. खाली बघायचं नाही. अलका हसत पार झाली, मी देवाचं नाव घेत. संध्याकाळच्या आत माचीवर पोचलो तर काकी ओटीवर बसलेली. मी समोर जाऊन उभी राहिले. ती माझ्या डावीकडे बघत म्हणाली, "कोन हाय?"

"काकी, मी सुमा."

"सुमे, तू व्हय? ये गो. कडेला शेळी बांदलीय, तिला पाय लावशील."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नुसती सावली तेवढी कळत होती. त्याच्या दोन वर्षं आधी पोलादपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं, फार थांबू नका असंही सांगितलं होतं. पण तेवढ्यात नजर इतकी उतरली की तिला माचीवरून खाली उतरणंच जमेना. ती चुलीपासून ओटीपर्यंत आणि ओटीपासून गोठ्यापर्यंत पावलं मोजून वावरत होती. भाकऱ्या मात्र तिने स्वतः थापल्या. नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसूण ठेचलेली चटणी. मी जेवले. फोन नाही, रस्ता नाही, ही कारणं मला पाठ होती. तिच्यासमोर बसून ती म्हणायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरायला लागलो. माचीवरून खाली गावात उतरणारी एक मोठी वाट आहे, दगडी पायऱ्यांची, लहानपणी मी तिच्यावरून वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली. निघताना दगडूदादा भेटले. माचीवरचे सगळ्यात कर्ते माणूस. म्हणाले, "वाटंनं जाव नका. ओहळाकडनं उतरा."

ओहोळ म्हणजे धोंड्यांवरून उड्या मारत, मुळं धरत उतरायचं. मी मोबाइलवरचा नकाशा दाखवला. त्यात वाट सरळ खाली जात होती. दगडूदादांनी नकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कामाला निघून गेले.

वाट सुरुवातीला छान होती. दोन्ही बाजूंचं गवत नुकतंच कापलेलं, पायऱ्यांवरची माती झाडलेली. अलका तर गाणं म्हणत होती. एक जांभळीचं झाड आलं आणि त्याच्यापुढे वाट संपली. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. डोक्याच्या वर वाढलेली रानमोडी, तिच्यात घाणेरी, घाणेरीत करवंदीच्या जाळ्या, सगळं एकमेकांत विणलेलं. "एवढंसंच असेल," मी म्हणाले, आणि शिरले.

ते एवढंसं नव्हतं. दहा पावलांत मागची जांभळ दिसेनाशी झाली. पुढे हात घालावा तर काटे, मागे सरावं तर ज्या फांद्या वाकवून आलो त्याच पाठीत रुतायच्या. सॅक अडकली, ती सोडवताना ओढणी अडकली, ओढणी सोडवताना केस. पायाखाली पायरी आहे की खड्डा, कळायला मार्ग नाही. त्यात धुकं उतरलं आणि पाठोपाठ पाऊस. परतीचा पाऊस मला कळतो असं मी वर्गात सांगत असते. त्या जाळीत बसून मला एवढंच कळलं की पन्नाशीची बाई लहान मुलासारखी रडू शकते. अलकाचा पाय मुरगळला. परत जांभळीपर्यंत यायला आम्हाला तासाच्या वर लागला, आणि आम्ही जेमतेम वीस पावलं आत गेलो होतो.

पुढचे दोन दिवस पाऊस हटला नाही. ओहोळ फुगला. सड्यावरचा तो कातळ निसरडा झालेला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अलका सुजलेला पाय उशीवर टाकून काकीच्या ओटीवर पडलेली, मी येरझाऱ्या घालत. आमचे मोजे चुलीवरच्या दोरीवर धुराने वाळत होते. एका शेळीने माझी चार दिवसांच्या मुक्कामांची यादी खाल्ली. काकी धुक्याकडे तोंड करून बसायची. तिला त्याने काही फरक पडत नव्हता. मला मात्र ते पांढरं धुकं अंगणाच्या कडेला भिंतीसारखं उभं दिसलं की मी परत येरझाऱ्या घालायला लागायची. मी एका दिवसात एवढी चिडले होते, आणि ही दोन वर्षं इथे होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडूदादा पागोळ्यांखालून वाकून आत आले. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला.

"दादा, अर्धी वाट साफ करता आणि मध्येच सोडून देता, हे काय? गाव म्हणून काही आहे की नाही?"

ते खाली बसले. तंबाखू मळत म्हणाले, "सोडली नाय, सुमाताय. ती तुमची हाय."

मग त्यांनी सांगितलं. गवत पिवळं पडलं की दिवाळीच्या आधी वाट बेणायची, म्हणजे कोयत्याने गवत-झुडपं काढून मोकळी करायची, ही माचीची रीत. वाटेचे टप्पे पाडलेले आहेत, घरागणिक एक. जांभळीपासून फुटक्या धोंड्यापर्यंतचा टप्पा आमच्या घराचा. त्याच्या वरचा काकीच्या घराचा, खालचा दगडूदादांचा.

"मग आमचं कोणी नव्हतं तर तुम्ही करायचा होतात," मी म्हणाले.

दगडूदादांनी काकीकडे बघितलं. काकी म्हणाली, "असं कसं करतील? दुसऱ्यानं हात लावला म्हंजे घर बुडालं. तुज्या बापाचं घर बुडालं का गो?"

ज्या घरात मागे कोणी उरलं नाही, त्याचाच टप्पा शेजारी घेतो. तो घेणं म्हणजे त्या घरावर पाणी सोडणं. म्हणून तीन वर्षं माचीवरची माणसं डोक्यावर ओझी घेऊन, गुडघे फोडून घेत ओहोळातून चढली-उतरली, पण आमच्या टप्प्याला त्यांनी कोयता लावला नाही. सदोबा म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांनी एकदा काकीच्या डोळ्यांसाठी म्हणून वाट तोडायची गोष्ट काढली, तेव्हा काकीच आडवी आली होती. "माज्या दिराची लेकरं हायेत खाली. येतील," म्हणाली होती. हातात काठी देऊन पायऱ्यांवरून तिला उतरवता आलं असतं. ओहोळातून डोळे नसलेल्या माणसाला कोण उतरवणार? ती आमच्या मानासाठी आंधळी होत होती आणि आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मला वडील आठवले. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते एक दिवस किरकोळ रजा काढायचे. "वर जाऊन येतो," एवढंच. रात्रीपर्यंत परत. हातांवर ओरखडे, शर्टाला कुसळं. आई पाठीमागे लागायची की नवा शर्ट घालून कशाला जाता. आम्हाला वाटायचं देवीला जातात. कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे. मी म्हणाले असते, बाबा, आता तिथे राहतंय कोण.

पाऊस जरा थांबल्यावर मी सड्यावरच्या त्या एकमेव दगडावर गेले, जिथे मोबाइलला रेंज मिळते. भाऊ नालासोपाऱ्याला असतो. सगळं ऐकून घेतलं त्याने. वाईट नाही तो. म्हणाला, "ताई, मला रजा नाही मिळणार. माणसं लाव ना दोन." मी म्हटलं, माणसं लावून चालत नाही. तो म्हणाला, "मग सांग त्यांना, घेऊन टाका म्हणावं. आपण कुठे परत जाणार आहोत?" मी फोन ठेवला. तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

उतरून आले आणि दगडूदादांना म्हटलं, मी करते. ओटीवर बसलेले सदोबा चुळबुळले. म्हणाले, "लेक दिलेल्या घरची. तिचा हात चालतो का?"

मी लग्न होऊन पंचवीस वर्षं महाडला नांदते, रेशनकार्डावर सासरचं नाव. आतापर्यंत मला या वाटेची फिकीर नव्हती आणि आता अचानक माझ्या हाताला नाही म्हणणाऱ्याचा मला भयंकर राग आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकी म्हणाली, "वाट काय बगतीय लेक हाय का सून हाय ते? सदोबा, मला खाली कोन नेनार हाय, तू?"

सदोबांनी पान-तंबाखूची चंची गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मी दगडूदादांचा कोयता घेतला आणि जांभळीखाली उभी राहिले. माचीवरची पाच-सहा माणसं मागे येऊन थांबली होती, सगळी साठीच्या पुढची, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. मला वाटलं बघायला आलीत. मी पहिला घाव घातला. कोयता रानमोडीवरून घसरून माझ्याच बुटावर बसला. कोणी हसलं नाही. दुसरा घाव लागला, फांदी पडली, आणि पाठीमागून सगळी एकदम पुढे सरली. पहिला घाव घरच्याचा झाला की मग गावाला मोकळीक. एवढं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी रात्रभर त्या जाळीचा एकटीने हिशेब मांडत होते.

तरी दोन दिवस लागले. मधूनमधून पायऱ्या दिसायला लागल्या, ओल्या, काळ्या, शेवाळलेल्या. काही मी ओळखल्या. अलका लंगडत येऊन कापलेल्या फांद्या ओढत होती. माझ्या तळव्यांना फोड आले, फुटले, परत आले. आनंद वगैरे झाला असं मी म्हणणार नाही. मला सारखं वाटत होतं, हे आता माझ्या गळ्यात पडणार. एकदा केलं की दरवर्षी. मी समुद्राकडे जायला निघाले होते आणि पाचव्या दिवशीही माझ्याच वडिलांच्या जांभळीपासून हाकेच्या अंतरावर होते.

फुटका धोंडा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकी उतरली. काठीचं एक टोक दगडूदादांच्या हातात, दुसरं तिच्या. पायाने चाचपत ती एकेक पायरी उतरत होती आणि किती झाल्या ते पुटपुटत होती. आमचा टप्पा संपला तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरोबर हायेत."

महाडला तिचे दोन्ही डोळे झाले, एकामागोमाग एक. ती आमच्याकडे दोन महिने राहिली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडक्यांना जाळी. नव्या डोळ्यांनी तिने पहिले आठ दिवस सगळं बघितलं, मिक्सर, टीव्ही, समोरच्या बाल्कनीतली बाई. मग बघायचं संपलं. ती जाळीला कपाळ टेकून डोंगराच्या बाजूला उभी राहायला लागली. मी शाळेतून यायची तेव्हा तिथेच. मी म्हणायची, काकी, राहा गं इथेच, काय आहे वर? ती म्हणायची, "माजं काय चुकलं म्हनून मला हितं ठेवतीस?" माझे यजमान हसायचे. मला हसू येत नसे, कारण तिचा चेहरा मला माझ्या त्या दोन दिवसांची आठवण करून द्यायचा. मी प्रेमाने तिला कोंडून ठेवलं होतं. कळत असूनही आणखी पंधरा दिवस ठेवलं.

शेवटी माघात तिला वर सोडायला गेले. शेळ्या दगडूदादांकडे होत्या, त्यांची ओढ तिला जास्त. खालून चढताना आमचा टप्पा संपला आणि तिचा सुरू झाला तशी ती थांबली. तिचा टप्पा लहान आहे, चाळीसेक पायऱ्या. आंधळी असतानाही ती तो दरवर्षी करून घेत होती, दगडूदादा कोयता तिच्या हातात द्यायचे, ती पहिला घाव चाचपून घालायची. तिने आपल्या पिशवीतून कोयता काढला. शहरातून येताना बाईने पिशवीत कोयता आणला, हे मला तेव्हाच कळलं.

"हा पन तू घे," ती म्हणाली.

"काकी, तुझा टप्पा तुझाच राहू दे."

"माज्यामागं कोन हाय? मी जिती हाय तवर घे गो सुमे. मी गेल्यावर हात लावलास तर म्हंतील, घर बुडालं."

वाटेवर तोडण्यासारखं काही नव्हतं. कडेला एक घाणेरीचं रोप होतं, बोटाएवढं. मी वाकून ते कापलं. काकीने बघितलं, नीट, दोन्ही डोळ्यांनी, आणि चढायला लागली.

यंदा श्रावणात काकी गेली. पावसात मला पोचता आलं नाही.

अलका या रविवारी निघते आहे. दासगावहून खाडी धरून समुद्रापर्यंत, तीन मैत्रिणी बरोबर. माझ्यासाठी तिने जागा ठेवली होती, आणि मी होही म्हणून बसले होते. खोटं कशाला सांगू, माझी सॅक भरून दाराशी उभी आहे. काल दुपारी दगडूदादांचा फोन आला. सड्यावरच्या दगडावर उभे असणार, वाऱ्याने निम्मं ऐकू येत नव्हतं. माझ्या मनात धाकधूक होती की काकीच्या टप्प्याचं ते काय म्हणतात. घराला कुलूप, आत माणूस नाही, सदोबांसारखे चार जण बोलायला बसलेलेच.

"सुमाताय," ते म्हणाले, "तुजे दोनी टप्पे लय वाडलेत. कदी येतीस?"

रविवारी, मी म्हटलं.